पाणाड्या माणसं शोधतो का?

विट्याहून एका वाचकाने विचारलंय : ‘परदेशातला एक लेख मराठीत करतोय. त्यातली बाई नकाशावर दोऱ्याला टांगलेला लोलक धरून हरवलेल्या माणसांचा शोध घेते. तिला इंग्रजीत डाउझर म्हटलंय. शब्दकोशात पाणाड्या सापडला. तोच वापरू का?’

नका वापरू. पाणाड्या म्हणजे काठी किंवा नारळ हातात धरून जमिनीखालचं पाणी सांगणारा; त्याच्या नावातच पाणी आहे. पाणबुड्या, पाणपोई, पाणकोंबडी यांच्यातलंच ते ‘पाण’. इंग्रजी शब्द सोन्याच्या खाणीपासून बेपत्ता माणसापर्यंत कुठेही चालतो, आपला शब्द विहिरीच्या बाहेर पडत नाही. वराहमिहिराने बृहत्संहितेत भूजलावर अख्खा अध्याय लिहिला, त्याचं नाव दकार्गल. त्यातही ‘दक’ म्हणजे उदकच. फरक इतकाच की तिथे काठी नाही; झाडं आणि वारुळं बघून पाण्याचा अंदाज बांधलाय.

आता क्रियापदाकडे या, खरी गंमत तिथे आहे. खटाव तालुक्यात मामाच्या रानात पाणाड्या आला होता. तळहातावर आडवा नारळ घेऊन बांधाबांधाने चालला. शेवग्यापाशी नारळ उभा राहिला, तसा त्याने टाचेने माती उकरली आणि खुणेचा दगड ठेवला. संध्याकाळी मामा सगळ्यांना सांगत होता, “पाणी बघितलं, पॉइंट दिलाय.” ‘शोधलं’ कुणीच म्हणालं नाही. 300 फुटांवरही फुफाटाच उडाला, तेव्हा मामाच्या मते पॉइंट बरोबर होता, गाडीवाल्याने बोअर दोन हात सरकवून मारली.

हेच ‘बघणं’ माणसाच्या बाबतीतही येतं. साताऱ्यात आमच्या शेजारचा मुलगा दहावीच्या निकालानंतर घरातून गेला. पोलिसात मिसिंग दिली, आणि त्याच दुपारी चार जणांनी सुचवलं, “अमकीकडं बघून या.” देवापुढे कौल लावतात, ज्योतिषाकडे प्रश्न टाकतात, अशा बाईकडे मात्र ‘बघून’ येतात. ती म्हणाली, “पोरगं उगवतीला हाय, पाण्याजवळ.” कृष्णा, वेण्णा, उरमोडीच्या मुलखात पाण्यापासून लांब जायचं म्हटलं तरी जागा शोधावी लागते! चौथ्या दिवशी पोराचा फोन आला, इचलकरंजीहून. म्हणजे दक्षिणेकडे. पण तिथे पंचगंगा आहे, म्हणून बाईचं निम्मं खरं धरलं गेलं.

तुमच्या मसुद्यात ‘लोलकाच्या साहाय्याने माग काढला’ असं वाक्य आहे, ते आधी काढा. माग म्हणजे जमिनीवर उमटलेली खूण : पाऊल, चाकोरी, मोडलेलं गवत. माग काढणाऱ्याला ‘कशावरून?’ असं विचारता येतं आणि तो बोट दाखवतो. लोलकवाल्याकडे दाखवायला काही नसतं. 1692 मध्ये फ्रान्समधल्या लिआँ शहरात एका दारूविक्रेत्याचा आणि त्याच्या बायकोचा खून झाला, तेव्हा जाक एमार नावाचा शेतकरी बेचक्याची काठी धरून फरार खुन्यांच्या मागे बोकेरपर्यंत गेला. तिथल्या तुरुंगातल्या एका तरुणाकडे काठी वळली, आणि त्याला देहदंड झाला. पुढे पॅरिसमध्ये एमारची परीक्षा घेतली तर काठी सपशेल चुकली. जर्मनीत 1987-88 मध्ये म्यूनिकजवळ निवडक 43 जणांकडून 843 वेळा पाण्याचा नळ शोधवून घेतला, त्यातूनही भरवशाचं काही हाती आलं नाही. काठी हलते हे मात्र खरं, कारण हातच नकळत बारीक हलतो. नारळाचंही तेच.

तेव्हा बाईच्या दाव्यासाठी ‘लोलक धरून बघणारी’ असं लिहा. जरा लांबतं, पण मराठी कानाला त्यात दावा आणि शंका दोन्ही ऐकू येतात. ‘शोधतज्ज्ञ’ तर मुळीच नको. निकालासाठी ‘ठावठिकाणा लागला’ किंवा ‘लागला नाही’ आहेच. ठाव म्हणजे जागा, आणि नदीचा तळही. पाणी आणि माणूस, दोघांनाही चालणारा शब्द हवाच असेल तर तो हा आहे.

आणि हो, लोलकच ठेवा. लंबक म्हटलं की मला आजोळच्या भिंतीवरचं टोले देणारं घड्याळ दिसतं.