मीठबंदरला बंदर कुठाय?

प्रश्न : आम्ही तीन वर्षांपूर्वी ठाणे पूर्वेला राहायला आलो. पत्त्यात ‘मीठबंदर रोड’ आहे. मुलगी विचारते, बंदर कुठाय? खाडीकडे गेलो तर नुसती कांदळं आणि चिखल. इथे खरंच जहाजं लागायची का? बघण्यासारखं काही उरलंय का?
– एक वाचक, ठाणे पूर्व

उत्तर : मुलीला सांगा, जहाजं नव्हे, मचवे, म्हणजे माल वाहणाऱ्या मोठ्या होड्या. बंदर म्हटलं की धक्का आणि क्रेन डोळ्यांपुढे येतात. खाडीतलं बंदर तसं नसतं. भरतीला होडी लागते नि ओहोटीला चिखलात बसते, ते बंदर.

माझे आजोबा चेंदणी कोळीवाड्यातले, मिठाच्या मचव्यावर होते. खाडीकाठी मिठागरं होती. उधाणाचं पाणी आगरात घ्यायचं, वाफ्यांत उन्हाने आटवायचं, मीठ धरलं की ओढून ढीग लावायचे. पाऊस पडायच्या आत सगळं उरकायचं. मचवा चिखलात बसला की डोक्यावरून पाट्या वाहून भरायचा आणि पाणी चढलं की सोडायचा. पुनवेला, अवसेला उधाण, तेव्हा काळजी नसे. अष्टमीच्या भांगेला, म्हणजे लहान भरतीला, पाणीच कमी, भरलेला मचवा हलायचा नाही. भरती रोज पाऊणएक तास पुढे सरकते, त्यामुळे आजोबा कधी मध्यरात्री जेवायचे, कधी पहाटे. आजीला घड्याळ कळत नव्हतं. तिथी विचारून ती तांदूळ धुवायची. आजोबांच्या टाचांच्या भेगांत मीठ भरलेलं असायचं. ती कोमट पाण्याने धुऊन खोबरेल चोळायची आणि ते शिव्या द्यायचे. मीठबंदर म्हटलं की मला त्या टाचाच दिसतात.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, 34 किलोमीटर. त्याचं कौतुक सगळे करतात. पण त्या रुळांनी आमच्या कोळीवाड्याचे दोन भाग केले, ते फारसं कुणी सांगत नाही. पुढच्याच वर्षी गाडी पुलावरून खाडी ओलांडून कल्याणला गेली. मचवे त्यानंतरही बरीच वर्षं चालले. नंतर माल ट्रकमध्ये गेला, खाडीत गाळ साचला, सांडपाण्याने मासळी हटली. आमच्या काठावर कुणा ठेकेदाराने रात्रीत राडारोडा टाकला, तो अजून तिथेच आहे.

आता बघण्यासारखं. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी तो जिंकला. आज तिथे तुरुंग आहे, तेव्हा बाहेरूनच बघा. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्याची मिरवणूक खाडीवर जाते, ती चुकवू नका. पारंपरिक लुगडी नेसलेल्या बायका पुढे असतात. पाटी लावा, कमान उभारा अशी पत्रं मला येतात. लावा बापडे. कमानीवर शेवटी कुणाचे फोटो झळकतात ते आपल्याला ठाऊक आहे.

मला विचाराल तर मुलीला एकाच दिवशी दोनदा खाडीवर न्या. पुनवेला दुपारी बाराच्या पुढे पाणी वर असतं, संध्याकाळी उतरलेलं. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, त्यामुळे लोक फ्लेमिंगो शोधत येतात. तिला मात्र ओहोटीला चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या दाखवा, छोटी मासळीच ती. डोळे डोक्यावर, अंगाला चिखलाचाच रंग. हलली तरच दिसते. आजी त्यांचं आंबट कालवण करायची.

चपला जुन्या घाला. तो चिखल निघत नाही.