वाट पाहण्याची किंमत

प्रश्न : पोकर स्पर्धेच्या अखेरच्या टप्प्यात ब्लाइंड (पाने पाहण्याआधी दोन खेळाडूंनी भरायच्या सक्तीच्या रकमा, लहान ती स्मॉल आणि मोठी ती बिग) १,०००-२,००० आणि बिग ब्लाइंडवरच्या खेळाडूने सर्वांतर्फे भरायची ॲन्टी ही जादा रक्कम २,००० असताना माझ्याकडे १६,००० चिप्स होत्या. चांगल्या पानांसाठी थांबलो. ६,००० उरल्यावर एक्का-राणी आली म्हणून ऑल-इन गेलो (सगळ्या चिप्स लावल्या), तर बिग ब्लाइंडवरच्या खेळाडूने नऊ-सहावर कॉल करून, म्हणजे तेवढीच रक्कम लावून, मला बाद केले. माझे काय चुकले?

उत्तर : एक्का-राणीवर ऑल-इन जाणे योग्यच होते, चूक त्याआधीच्या दोन फेऱ्यांत (ब्लाइंड टेबलावरच्या सर्वांकडे एकदा फिरले की एक फेरी) झाली. प्रत्येक फेरीला ब्लाइंड आणि ॲन्टी मिळून ५,००० जात होते आणि त्यासोबत समोरच्याला पाने टाकायला, म्हणजे डाव सोडायला लावण्याची तुमची ताकदही जात होती. तुमचे ६,००० आणि आधीचे ५,००० मिळून पॉट (डावावरची एकूण रक्कम) ११,००० झाला, त्यात बिग ब्लाइंडचे २,००० आधीच भरल्यामुळे समोरच्याला केवळ ४,००० घालायचे होते. म्हणजे जिंकण्याची शक्यता २७ टक्के असली तरी त्याला कॉल परवडत होता, आणि नऊ-सहाची शक्यता त्याहून बरीच अधिक असते. त्याचा कॉल बरोबर होता.

आता हेच १६,००० असताना, आधीच्या सर्वांनी पाने टाकल्यावर डीलर बटणावरून (ब्लाइंडच्या लगेच आधीच्या जागेवरून) ऑल-इन गेला असता तर काय झाले असते ते पाहा. ब्लाइंडवरच्या दोघांनीही पाने टाकली तर ५,००० मिळतात, म्हणजे तुमच्या चिप्सच्या जवळजवळ एक तृतीयांश. बिग ब्लाइंडने कॉल केला आणि तुमची शक्यता ३५ टक्केच असली, तरी सरासरी तोटा ३,७५० चा होतो. त्यामुळे सातांपैकी तीन वेळा पाने टाकली गेली की हिशेब बरोबरीत येतो, आणि प्रत्यक्षात ती त्याहून अधिक वेळा टाकली जातात. म्हणून या जागेवरून एक्का आणि सोबत कोणतेही पान, किंवा लहानशी जोडीही पुरेशी आहे.

दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल करताना मात्र हात आखडता घ्यावा, कारण तिथे समोरचा पाने टाकण्याची आशाच नसते. तेवढ्याच १६,००० च्या ऑल-इनला बिग ब्लाइंडवरून कॉल करायला किमान ४० टक्के शक्यता लागते. बक्षिसांची रेषा जवळ आली असेल तर त्याहूनही जास्त हवी, कारण तेव्हा गमावलेल्या चिप्सचे मोल मिळवलेल्या चिप्सपेक्षा मोठे असते. शिवाय एखाद्या खेळाडूकडे एकच ब्लाइंड उरला असेल आणि तो बाद होताच तुम्ही बक्षिसात येणार असाल, तर बटणावरची दुबळी पानेसुद्धा त्या डावापुरती टाकून द्यावीत.