संध्याकाळची किरकिर आणि 'दूध पुरत नाही' ही शंका

संध्याकाळी सहा वाजले की बाळ सुरू होतं. पाजलं की पाच मिनिटं शांत, मग पुन्हा रडणं. भारतातून व्हिडिओ कॉलवर आजी म्हणते, "दूध पुरत नसेल गं, वरचं दे." काळजीपोटीच म्हणते, पण पहिल्या काही आठवड्यांत संध्याकाळी लागोपाठ पिणं स्वाभाविक असतं. रडणं साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत वाढतं, मग हळूहळू ओसरतं. विनाकारण वरचं दिलं की अंगावरचं पिणं कमी होतं आणि दूधही कमी तयार होतं.

म्हणून पावडरचा डबा उघडण्याआधी डायपर मोजा. पाचव्या दिवसानंतर 24 तासांत किमान 6 ओले डायपर, पहिल्या महिन्यात 3-4 वेळा पिवळी पातळ शी, आणि दोन आठवड्यांपर्यंत जन्माचं वजन परत, एवढं असेल तर दूध पुरतंय. नसेल तर डॉक्टरांना विचारा. तेव्हा वरचं द्यावंही लागू शकतं.

दूध असूनही बाळ वैतागतं, त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे उथळ पकड, म्हणजे तोंडात नुसतं निपल धरणं. निपल बाळाच्या नाकासमोर ठेवा. जांभईसारखं मोठं तोंड उघडलं की बाळाला स्तनाकडे आणा, हनुवटी आधी टेकू द्या. आधार मानेला आणि खांद्यांना. डोकं मागून दाबलं तर बाळ ताठ होऊन मागे जातं. निपलभोवतीचा गडद भाग वरच्या ओठावर जास्त दिसायला हवा, खालच्या ओठाखाली कमी. टकटक आवाज, गालांना खळ्या, सुटल्यावर निपल लिपस्टिकसारखं तिरकं चपटं झालेलं दिसलं, तर करंगळी हिरड्यांमध्ये सरकवून सोडवा आणि पुन्हा लावा. दुखणं सोसत राहू नका. अमेरिकेत बहुतेक विमा योजनांत लॅक्टेशन कन्सल्टंटची (स्तनपान सल्लागाराची) मदत येते; ब्रिटनमध्ये मिडवाइफ (सुईण) किंवा हेल्थ व्हिजिटरला (बाळाची तपासणी करणाऱ्या नर्सला) सांगा.

मूठ चोखणं, मान वळवून तोंड शोधणं ही भुकेची खूण, तेव्हाच पाजायला घ्या. आक्रोश करणाऱ्या बाळाला पकड जमत नाही. आधी झबलं काढून नुसत्या डायपरवर छातीशी घ्या, पाठीवर पांघरूण टाका, घरात फिरा. पाजल्यावर उभं धरून ढेकर काढा. दोन-चार मिनिटांत आली नाही तर राहू दे. तुमचे डोळे मिटायला लागले तर सोफ्यावर बाळ घेऊन बसू नका, त्याला पाठीवर, सपाट पाळण्यात ठेवा. मानेमागे घाम असेल तर एक थर काढा. हीटर चालू असलेल्या घरात टोपी नको.

भारतातून बॅगेतून आलेली बाळगुटी बाजूलाच राहू दे. मध तर वर्षभर बोटभरही चाटवू नका, त्यातून बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते.

तीन महिन्यांच्या आत 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, पाजायला उठवूनही न उठणं, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, स्वतःहून पॅरासिटामॉलही देऊ नका. लगेच दवाखाना गाठा.