पाहुणचार नको, ऊब द्या

प्रश्न: माझ्याकडे एक लेपर्ड गेको (ठिपक्यांची पाळीव पाल) आणि एक पॅकमॅन बेडूक आहे. त्यांना खायला सारखे रातकिडे विकत आणायला नकोत म्हणून पंधरा डुबिया झुरळं आणून प्लास्टिकच्या खोक्यात ठेवली. दीड महिना झाला, एकही पिल्लू नाही. पाण्याची वाटी ठेवली आहे, कोबी-गाजर रोज घालते. नर-मादी ओळखता येत नाहीत. शिवाय घरचे विचारतात, ही घरभर पसरली तर?

उत्तर: खोक्यातलं तापमान किती आहे? पत्रात बाकी सगळं आलंय, तेवढंच नाही, आणि माझा संशय तिथेच आहे. ही झुरळं मूळची दक्षिण अमेरिकेतली. 20-22 अंशांना ती जगतात, खातात, पण वाढ आणि वीण जवळजवळ थांबते. 28 ते 32 अंश मिळाले की खोकं जागं होतं. हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, खोक्याच्या एकाच बाजूला, बाहेरून लावा आणि थर्मोस्टॅटशिवाय (तापमान ठरावीक राखणाऱ्या उपकरणाशिवाय) वापरू नका. दुसरी बाजू थोडी गार राहू द्या. आपल्याला हवी ती जागा ती स्वतः निवडतात.

आता नर-मादी. नराचे पंख पाठभर लांब असतात, मादीला खांद्यापाशी आखूड खुंट. यातलं काहीच दिसत नसेल तर तुमची झुरळं अजून वयात आलेली नाहीत आणि पिल्लांची वाट बघणं घाईचं आहे. एका नरामागे तीन ते पाच माद्या पुरतात. जास्तीचे नर खुशाल गेकोला द्या.

मादी अंड्यांची पिशवी बाहेर काढते आणि पुन्हा पोटात ओढून घेते. अंडी आतच उबतात, बाहेर येतात ती थेट पिल्लं, एका खेपेला साधारण 20 ते 30. उबेत याला महिना-दोन महिने लागतात, पिल्लू मोठं व्हायला आणखी चार ते सहा महिने. म्हणून माझा आग्रह आहे की पहिली पिढी वयात येईपर्यंत रातकिडे आणणं बंद करू नका. खोकं भरलेलं दिसलं की हात शिवशिवतो, चार माद्या गेकोच्या पोटात जातात आणि वसाहत तिथेच खुंटते. हे मी फार जणांकडे पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटतं.

पाण्याची वाटी आजच काढा, त्यात बारकी पिल्लं बुडतात. वॉटर जेल (पाणी धरून ठेवणारी जेली) ठेवा किंवा गाजर, संत्र्याच्या फोडी द्या. उरलेली ओली भाजी दुसऱ्या दिवशी उचला, कारण बुरशी वसाहतच्या वसाहत संपवते. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावा, म्हणजे विष्ठा खाली पडते. तळाशी माती-भुसा काही नको. साफ करताना विष्ठा चाळून टाका, तिच्यात पिल्लं लपलेली असतात. तोंडाला मास्क हवाच. त्या कोरड्या धुळीची अ‍ॅलर्जी होते आणि एकदा जडली की छंदच सोडावा लागतो. मधूनच एखादं पांढरंशुभ्र झुरळ दिसलं तर घाबरू नका, त्याने नुकतीच कात टाकलेली असते.

घरच्यांना सांगा, डुबियाला गुळगुळीत काच किंवा प्लास्टिक चढता येत नाही. मादी उडत नाही, नर फार तर पडताना फडफडतो. झाकणाला बारीक जाळी लावली की झालं. स्वयंपाकघरातलं झुरळ वेगळ्या जातीचं. ते पकडून प्राण्याला कधीही घालू नका, त्याच्या अंगात कीटकनाशक असू शकतं.

प्रश्न: गेकोला केवढं झुरळ द्यावं? आणि बेडूक समोरच्या झुरळाकडे बघतही नाही.

उत्तर: गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठं नको. बेडूक हालचालीवर झेपावतो, आणि डुबिया धोका वाटला की निपचित पडते किंवा बेडकाच्या पेटीतल्या मातीत शिरते. चिमट्यात धरून त्याच्या तोंडासमोर हळूच हलवा. झुरळात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असतं, म्हणून देण्याआधी एक-दोन दिवस त्यांना चांगला हिरवा पाला खाऊ घाला आणि आयत्या वेळी कॅल्शियम पावडरीत घोळवा. गेको-बेडकाच्या वाढत्या पिल्लांच्या बाबतीत हे अजिबात चुकवू नका. त्यांची हाडं मऊ पडून वाकली की पुन्हा सरळ होत नाहीत.