प्राण्यांची कार्टून आणि लहान मुले

प्रश्न : माझी तीन वर्षांची मुलगी माणसांपेक्षा प्राण्यांचीच कार्टून आवडीने पाहते. असे का होते? ती टीव्हीऐवजी मोबाइलवर पाहिल्याने काही फरक पडतो का?

उत्तर : मोठे डोके, टपोरे डोळे आणि गुबगुबीत गाल पाहिले की माणसाला माया वाटते, हे कोनराड लॉरेन्झ या शास्त्रज्ञाने १९४३ मध्ये मांडले होते आणि कार्टूनमधील प्राण्यांचे चेहरे बहुधा याच घडणीचे असतात. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या ‘ब्लूई’ या कार्टून मालिकेचा भाग साधारण सात मिनिटांचा असतो, त्यात निळ्या कुत्र्याचे पिल्लू बहिणीशी आणि आईबाबांशी खेळते, रुसते, पुन्हा खेळायला येते. तोच खेळ तुमची मुलगी घरात मांडू लागली, तर गोष्ट तिच्यापर्यंत नीट पोहोचली असे खुशाल समजा.

खरी अडचण मोबाइलवर आहे, कारण टीव्हीवर ठरलेल्या वेळी कार्यक्रम संपतो, तर ऑटोप्लेमुळे पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो आणि तो त्याच मालिकेचा असेलच असे नाही. ऑटोप्ले आजच बंद करा आणि शक्य तेव्हा शेजारी बसून पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या वयासाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला आहे. त्यात दोन्ही पडदे एकत्र मोजावेत.