फराळ जेवणावर नको, जेवणाऐवजी हवा

वाचक विचारतात : दिवाळीतला आहार

दिवाळीच्या तोंडावर आलेल्या पत्रांत फराळ आणि वजनाविषयीचे प्रश्न सर्वांत जास्त होते. त्यांतले सहा निवडून उत्तरे देत आहोत.

दरवर्षी भाऊबीजेनंतर काट्यावर उभी राहिले की दोन किलो वजन वाढलेले दिसते. चार दिवसांत एवढी चरबी वाढते का?
– वाचक, डोंबिवली

नाही. एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा सुमारे ७७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. दोन किलोंसाठी १५,४०० लागतील, म्हणजे चार दिवस रोजच्या जेवणाहून रोज ३८५० कॅलरी जास्त. मनसोक्त फराळ केला तरी एवढे सहसा कोणाला जमत नाही.

काट्यावर दिसते ते बहुतांश पाणी असते. जास्तीची साखर आणि पिष्ट यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साठते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. चकली, शेव, चिवड्यातले मीठही पाणी अडवते. म्हणून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी घाबरून उपास धरू नका. नेहमीचे जेवण सुरू करा आणि आठवड्याने, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करा. तेव्हाही अर्धा किलो जास्त भरले तर ती खरी वाढ समजा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल आणि दोन-तीन दिवसांत वजन वाढून पायांवर सूज आली किंवा धाप लागली, तर मात्र आठवडाभर थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

दिवसाला किती लाडू चालतील? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.
– वाचक, नाशिक

आकडे वेगळे येतात, कारण लाडूचा आकार आणि तुपाचे प्रमाण घरागणिक वेगळे असते. तुमच्या लाडूचा हिशेब तुम्हीच करा. अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप आणि ४०० ग्रॅम पिठीसाखर घेतली, तर बेसनाच्या सुमारे १९००, तुपाच्या २२५० आणि साखरेच्या १६०० कॅलरी होतात. एकूण ५७५० आणि मिश्रण ११५० ग्रॅम. मोठ्या लिंबाएवढा, ४० ग्रॅमचा लाडू वळला तर एकात २०० कॅलरी. तोच २५ ग्रॅमचा वळला तर १२५. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पहिले दोन-तीन लाडू मोजून घ्या, मग हाताला अंदाज येतो. तूप कमी करून लाडू कोरडा करण्यापेक्षा लहान वळणे बरे. बेसन भाजायला तूप कमी पडले की ते नीट भाजले जात नाही, कच्चट राहून टाळूला चिकटते, आणि मग लाडू वळेनात म्हणून वरून पातळ तूप ओतावेच लागते.

किती खावा, यापेक्षा कशाऐवजी खावा हे ठरवणे महत्त्वाचे. ४० ग्रॅमच्या एका लाडवात दोन बिनतुपाच्या पोळ्यांएवढ्या कॅलरी असतात. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर सहा वाजता फराळ होतो, नऊला पोहे होतात आणि एकला श्रीखंड-पुरी. गडबड इथे होते. सकाळचा फराळ हाच नाश्ता धरा : एक लहान लाडू, एक चकली, छोटी वाटी चिवडा आणि सोबत वाटीभर मटकीची उसळ किंवा दही. उसळीने पोट भरते, त्यामुळे हात दुसऱ्या लाडवाकडे कमी वळतो. मग नऊचे पोहे नकोत.

चालून भरपाई होईल या भरवशावर राहू नका. साठ किलोच्या माणसाला एक लाडू ‘जिरवायला’ पाऊण तास भरभर चालावे लागते. चालावे जरूर, पण ते पचनासाठी आणि रक्तातल्या साखरेसाठी. जेवणानंतरची पंधरा मिनिटेही उपयोगी पडतात.

चकल्या तेल पितात आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. कमी तेलकट होण्यासाठी काय करावे?
– वाचक, सांगली

दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच असते : तेल पुरेसे तापलेले नसणे. चकली तेलात पडली की तिच्यातल्या पाण्याची वाफ होऊन जोरात बाहेर येते आणि ती वाफच तेलाला आत शिरू देत नाही. तेल कोमट असेल तर वाफ मंद सुटते, वरचे कवच उशिरा धरते, चकली जास्त वेळ कढईत राहते आणि तेल शोषते. पिठाचा लहान तुकडा टाकून पाहा. तो तळाशी जाऊन बुडबुड्यांसह लगेच वर आला पाहिजे. तळाशीच बसला तर थांबा, पाहता पाहता लाल झाला तर आच कमी करा. तापमापक असेल तर १७० ते १८० अंश सेल्सिअस ठेवा. एका घाण्यात चार-पाचच चकल्या सोडा. कढई भरली की तेल एकदम थंड होते.

पीठ भिजवताना एक वाटी भाजणीला एक मोठा चमचा कडकडीत मोहन आणि पाऊण ते एक वाटी उकळते पाणी घ्या. झाकून वीस मिनिटे ठेवा, मग मळा. मोहन जास्त झाले तर चकली तेलात विरघळते. पीठ सैल झाले तर काटे येत नाहीत आणि जास्तीच्या पाण्याची वाफ निघून गेली की तेवढी जागा तेल घेते. बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत मध्यम आचेवर तळा. मोठ्या आचेवर ती बाहेरून लाल दिसते, आत ओल राहते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते. अशा चकल्या पुन्हा तळल्या जातात आणि तेलाचा दुसरा हप्ता पितात.

आता सर्वांत जास्त दुर्लक्षित गोष्ट. बरेचसे तेल तळताना नव्हे, तर कढईतून काढल्यावर आत जाते. चकली निवू लागली की आतली वाफ थंड होते आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. म्हणून झारा कढईच्या काठावर टेकवून तेल निथळू द्या आणि चकल्या गरम असतानाच जाळीवर उभ्या लावा. परातीत एकावर एक टाकल्या तर खालच्या वरच्यांचे तेल पितात.

तळणीआधी आणि तेल थंड झाल्यावर ते मोजून पाहा. समजा २५० मिली कमी झाले आणि चकल्या ८० झाल्या, तर मोहन सोडून एका चकलीत सुमारे ३ मिली तेल गेले, म्हणजे २६ कॅलरी. हा आकडा तुमच्या हातात आहे. उरलेले तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा. काळे, दाट किंवा फेसाळ झाले असेल तर टाकून द्या.

साखरेऐवजी गूळ किंवा खजूर वापरला तर वजन वाढणार नाही ना?
– वाचक, कोल्हापूर

वाढेल. गुळात साखरेइतक्याच, फार तर थोड्या कमी कॅलरी असतात आणि ‘पौष्टिक’ म्हणून एकाऐवजी तीन लाडू खाल्ले जातात. खजुरात चोथा आहे, ही जमेची बाजू. पण त्यात काजू-बदाम भरपूर घातले तर १०० ग्रॅम काजू-बदामांच्या ५५० ते ६०० कॅलरी त्यात आल्याच. चवीसाठी जरूर करा.

मला मधुमेह आहे. दुपारचे जेवण सोडून संध्याकाळी फराळ केला तर चालेल का?
– वाचक, सातारा

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर जेवण अजिबात टाळू नका. औषध आपले काम करत राहते आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. हात थरथरणे, घाम, छातीत धडधड जाणवली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. औषधाचा डोस मनाने कमी-जास्त करू नका.

वरच्या प्रमाणातल्या ४० ग्रॅमच्या लाडवात सुमारे २२ ग्रॅम पिष्ट आणि साखर असते, साधारण एका पोळीएवढी. म्हणून जेवणात एक पोळी कमी करा आणि भाजी, उसळ, वरण झाल्यावर शेवटी अर्धा लाडू घ्या. रिकाम्या पोटी पहाटे नको. दोन तासांनी ग्लुकोमीटरवर पाहा, म्हणजे तुमच्या शरीराला किती झेपते ते कळेल.

भाऊबीजेला चार घरी जावे लागते. नाही म्हटले की लोक रागावतात. आणि उरलेल्या फराळाचे काय करायचे?
– वाचक, ठाणे

प्रत्येक घरी एकच पदार्थ घ्या, त्या घरी जो सर्वांत चांगला होतो तो. मनापासून खाल्लेला एक अनारसा आणि “मावशी, करंजी डब्यात दे, उद्या सकाळी खाते” एवढे पुरते. चार घरचे चार कप चहा दोन-दोन चमचे साखरेचे झाले तर ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी झाल्या. चहा एकाच घरी घ्या. तुमच्याकडे पाहुणे येतील तेव्हा भरलेली ताटली पुढे करू नका. डबे आणि रिकाम्या बशा मांडा, ज्याला जे हवे ते तो घेईल.

वजनाच्या दृष्टीने उरलेला फराळ त्या चार दिवसांपेक्षा जड जातो. डबा ओट्यावर असतो, येता-जाता झाकण उघडते आणि हे तुळशीच्या लग्नापर्यंत, कधी त्यापुढेही चालते. तीन आठवडे रोज एक जास्तीचा लाडू म्हणजे ४२०० कॅलरी, अर्ध्या किलोहून जास्त चरबी. म्हणून भाऊबीजेच्या रात्रीच वाटणी करा. आठवड्याभराचे लागेल तेवढे लहान डब्यात काढा, बाकीचे घरकाम करणाऱ्या ताई, इमारतीचे रखवालदार, कार्यालयातले सहकारी यांना द्या, ताजे असतानाच. लहान डबाही ओट्यावर नको, वरच्या फळीवर ठेवा. चिवडा डब्यातून थेट मुठीने खाऊ नका, मोजून ३० ग्रॅम वाटीत घ्या. मटकीच्या उसळीवर चिरलेला कांदा, लिंबू आणि तेवढाच चिवडा घातला की संध्याकाळचे खाणे होते, आणि चार दिवसांत चिवडा संपतो.