मधुमेहात ॲलोपॅथीच्या गोळ्यांबरोबर चिनी पारंपरिक औषध घेतलं तर चालतं का?

चालतं, पण दोन्हींत काय आहे ते एकाच डॉक्टरला ठाऊक असेल तर. "हर्बल आहे, साइड इफेक्ट नाही" एवढं मात्र कृपा करून म्हणू नका. माझे साडू गेली सहा वर्षं हेच म्हणताहेत, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

मी चीनमध्ये ग्वांगझोला नोकरीला होतो. पुण्याहून नेलेल्या मधुमेहाच्या गोळ्या, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, चालू, तरी उपाशीपोटीची साखर दीडशेच्या खाली येईना. शेजारच्या आजोबांनी मिऱ्याएवढ्या काळ्या गोळ्यांची डबी दिली. नाव शियाओके, म्हणजे तहान लागून माणूस झिजतो तो आजार. मधुमेहाचं तिथलं जुनं नाव. दहा सकाळी, दहा संध्याकाळी. तीन दिवसांत साखर 110! साडूंना फोन केला तर म्हणाले, "येताना दहा डब्या आण."

चौथ्या दिवशी मेट्रोत दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, समोरची पाटी वाचता येईना. एका बाईंनी उसाच्या रसाची बाटली हातात कोंबली. घरी येऊन मोजली तर 62, ती रस पिऊन. दोन वाट्या भात खाऊन झोपलो, आणि रात्री दोनला गंजी भिजून पुन्हा जाग आली. 46.

सकाळी ऑफिसातल्या मुलीकडून डबीवरची अक्षरं वाचून घेतली. ह्वांगछी, मक्याच्या कणसाचे केस, कसलीकसली मुळं, आणि ग्लिबेनक्लामाइड, म्हणजे साखर उतरवणारं ॲलोपॅथीचंच औषध! गोळीमागे पाव मिलिग्रॅम. म्हणजे वीस गोळ्यांत आपली पाच मिलिग्रॅमची एक अख्खी डाओनिल, तीही त्याच जातीच्या ग्लिमेपिराइडवर. तिचा अंमल लवकर उतरत नाही, म्हणून रात्रीचा दुसरा झटका. कोणी फसवलं नव्हतं, डबीवर स्वच्छ छापलेलं होतं. मलाच वाचता येत नव्हतं.

साडूंचं म्हणणं, "तू जेवला नसशील." अहो, जेवलो होतो!

चिनी औषधं भंपक आहेत असं मी म्हणत नाही. याच गोळीची 800 जणांवरची चाचणी 2013 मध्ये छापून आली. नुसत्या ग्लिबेनक्लामाइडपेक्षा हिने साखर फार खाली जाण्याचे प्रसंग कमी आले. त्यांच्या ह्वांगल्यान नावाच्या मुळीतलं बर्बेरिन हे द्रव्य आपल्या दारुहळदीतही असतं आणि तेही साखर उतरवतं. आपलं मेटफॉर्मिन तरी कुठून आलं? युरोपातल्या एका रानझुडपाच्या अभ्यासातूनच. तिथल्या कित्येक इस्पितळांत एकच डॉक्टर काढाही देतो आणि इन्सुलिनही, तेव्हा हिशेब एकाच्या हातात राहतो. शेजारच्या आजोबांच्या हातात तो नसतो.

मी डॉक्टर नाही. तुम्ही कुठल्या गोळ्या घेता तेही तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे तुमच्यापुरतं सांगता येणार नाही. डबी घेऊन डॉक्टरांकडे जा, फोटो नको, डबीच न्या.

साडूंच्या दहा डब्या मी आणल्या नाहीत. ते अजून प्रत्येक लग्नात काढतात.